दिवा, उष्णता आणि ऑपरेटर : प्रोजेक्टर सुरक्षितपणे चालवण्याचा इतिहास

या टिपणाची सुरुवात एका फुटलेल्या दिव्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी कुंडमला एका प्रशिक्षण वर्गात इतिहास शिकवायला गेलो होतो. कुंडम हे मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, जबलपूरहून शहपुरा–डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. वस्ती मुख्यतः गोंडांची. हिरन नदी याच परिसरात उगम पावते. वर्गासाठी प्रोजेक्टर उसना आणला होता. टेबल बुटके असल्यामुळे तो दोन विटांवर ठेवला, आणि विटा हलतात म्हणून बाजूला हजेरीपटाची जाड वही टेकवली. त्या वहीने प्रोजेक्टरची हवा बाहेर टाकणारी जाळी अर्धी झाकली गेली होती. हे मला तेव्हा दिसले नाही.

व्याख्यान संपले. मदतीला असलेल्या मुलाने खोलीतला पंखा, दिवे आणि प्रोजेक्टर, सगळी बटणे भिंतीवरूनच बंद केली. तेवढ्यात कोणीतरी एक नकाशा पुन्हा दाखवायला सांगितला. प्रोजेक्टर काही सुरू होईना. मी घाईत होतो, म्हणालो, ‘पुन्हा लाव.’ त्याने पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला आतून ‘टप्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. दुसऱ्या दिवशीचा वर्ग फळा आणि खडू यांच्यावर झाला. नवीन दिव्याचा खर्च वर्गाच्या सगळ्या चहापाण्याच्या खर्चाहून जास्त होता. बोलणी मात्र त्या मुलाला बसली.

संध्याकाळी त्याने मला विचारले, ‘सर, बटन तो बंद करना ही था न? फिर गलती क्या हुई?’ त्याला ते कोणीही सांगितलेले नव्हते. मीसुद्धा नव्हते सांगितले. हे टिपण त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते एका वाक्यात देता येते, पण ते एक वाक्य लिहिले जायला शंभराहून जास्त वर्षे लागली आणि त्यात माणसे मेली. म्हणून हा इतिहासाचा विषय आहे.

कल्याणची शांबरिक खरोलिका

प्रोजेक्टरचे मूळ तत्त्व साधे आहे. एक तेजस्वी दिवा, त्याचा प्रकाश गोळा करणारे भिंग, मध्ये पारदर्शक चित्र आणि पुढे चित्र मोठे करून पडद्यावर टाकणारे दुसरे भिंग. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स याने १६५९ च्या सुमारास असा कंदील तयार केला. पुढे त्याला जादूचा कंदील म्हणू लागले. तुमच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टरमध्ये काचेच्या चित्राची जागा बोटाच्या नखाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या पॅनेलने किंवा चिपने घेतली आहे. बाकी रचना तीच आहे.

मराठी मुलुखात या कंदिलाचे सर्वांत प्रसिद्ध घराणे म्हणजे कल्याणचे पटवर्धन. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास आपले जाहीर खेळ सुरू केले आणि त्यांना नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर, आणि संस्कृतात शांबरी म्हणजे जादू. खरोलिका म्हणजे कंदील. ‘मॅजिक लँटर्न’चे यापेक्षा ऐटदार भाषांतर मला माहीत नाही. मदनराव पितळे यांच्यामुळे पटवर्धनांना या यंत्राची ओळख झाली. पुढे त्यांचे मुलगेही या व्यवसायात उतरले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली आणि इतर कथांची चित्रे, एकाहून अधिक कंदील वापरून निर्माण केलेला हालचालीचा भास, आणि जोडीला निवेदन, असा तो खेळ होता. मल्टिमीडिया हा शब्द त्या काळी नव्हता. पण चित्र, आवाज आणि बोलणारा माणूस एका अंधाऱ्या खोलीत एकत्र आणण्याची कल्पना कल्याणला होती.

जादूच्या कंदिलाच्या इतिहासात आपण सहसा चित्रांबद्दल बोलतो. मी तुम्हाला कंदिलाच्या मागे उभे राहायला सांगतो. चित्र मोठे हवे तर प्रकाश जास्त हवा, आणि प्रकाश जास्त म्हणजे उष्णता जास्त. सुरुवातीला तेलाचे दिवे होते. त्यांच्या प्रकाशात एक लहान खोली भागायची. मोठ्या सभागृहासाठी एकोणिसाव्या शतकात चुन्याचा प्रकाश आला. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडली की कांडी पांढरीशुभ्र तळपते. हे दोन वायू नको तिथे एकत्र आले तर काय होते, ते तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत छोट्या प्रमाणात पाहिले असेल. हायड्रोजन नको म्हणून काही जण ऑक्सिजन ईथरच्या वाफेतून नेत. ईथर लवकर उडणारे आणि लवकर पेटणारे. या ईथरची गोष्ट लगेच पुढे येते.

काचेचा प्रश्नही होता. थंड भिंगासमोर एकदम प्रखर दिवा लावला तर भिंग तडकते. म्हणून जुने कंदीलवाले खेळाआधी भिंग हळूहळू गरम करून घेत. काच ताव सहन करते, पण तावातला झटका सहन करत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. कुंडमच्या दिव्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

४ मे १८९७, पॅरिस

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ झाला. ही तारीख तुम्हाला पाठ असेल. मुंबईतले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या नव्या यंत्राने भारावले. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. मराठी आणि भारतीय सिनेमाच्या इतिहासाची ही नेहमीची सुरुवात आहे.

त्याच वेळची दुसरी तारीख मात्र आपल्या पुस्तकांत क्वचित येते. वॉटसन हॉटेलातल्या खेळाला अजून एक वर्षही झाले नव्हते. पॅरिसमध्ये धर्मादाय कामासाठी भरवलेल्या बाजारात, लाकूड, कापड आणि पुठ्ठा यांच्या सजावटीत, सिनेमाचा खेळ चालू होता. प्रोजेक्टरच्या दिव्याला ऑक्सिजन आणि ईथर लागत असे. ईथर संपले. ऑपरेटर ते पुन्हा भरत असताना, अंधारात दिसावे म्हणून काडी ओढली गेली. ईथरच्या वाफेने पेट घेतला. काही मिनिटांत सुमारे सव्वाशे माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीणही होती.

यात ऑपरेटरचा दोष किती? त्याने काम थांबवून दारे उघडली असती, दिवा थंड होऊ दिला असता, तर दुर्घटना टळली असती. पण बाहेर लोक वाट पाहत होते, आणि पुढचा खेळ लगेच सुरू व्हायला हवा होता. मी कुंडमला ‘पुन्हा लाव’ म्हणालो, त्यामागची घाई याच जातीची होती. नुकसानीच्या प्रमाणात फरक आहे, कारणात नाही.

ल्युमिएर यांच्या यंत्रात प्रकाश गोळा करण्यासाठी नंतर पाण्याने भरलेला काचेचा गोल फुगा वापरात आला. पाणी भिंगाचे काम करते आणि उष्णताही शोषते. फुगा फुटलाच तर प्रकाश फितीवर एकवटत नाही. यंत्र बिघडले तर ते धोक्याच्या बाजूने न बिघडता सुरक्षित बाजूने बिघडावे, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना तो वेगळ्या नावाने शिकवतात.

पेटणारी फीत आणि कायदा

दिवा हा धोक्याचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग म्हणजे फीत. जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. रसायनाच्या दृष्टीने ती बंदुकीच्या कापसाची जवळची नातेवाईक आहे. तिच्यात जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन आतच असतो, म्हणून एकदा पेटली की पाणी, वाळू, कशानेही ती सहज विझत नाही. पाण्याखालीही जळत राहते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी, बोलपटात २४ चौकटी दिव्यासमोरून सरकतात. म्हणजे प्रत्येक चौकट त्या तावात सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती थांबते. फीत अडकली की तीच चौकट तापते, तपकिरी होते, बुडबुडे येतात, आणि मग ज्वाला. म्हणून प्रोजेक्टरमध्ये एक झडप बसवली गेली. फितीचा वेग कमी झाला की ती आपोआप पडून दिवा आणि फीत यांच्यामध्ये आड येते. आज तुमचा प्रोजेक्टर जास्त तापल्यावर स्वतःहून बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो आणि तुम्ही वैतागता, तेव्हा हीच झडप नव्या रूपात काम करत असते.

इंग्लंडमध्ये १९०९ च्या कायद्याने प्रोजेक्टरसाठी आग न लागणारी वेगळी खोली सक्तीची केली. भारतात १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. परीक्षेत आपण या कायद्याबद्दल लिहितो ते सेन्सॉरशिपबद्दल, आणि ते बरोबरच आहे. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळे बसली. पण त्याच कायद्याचा दुसरा पाय विसरू नका. जिल्हा दंडाधिकाऱ्याचा, आणि इलाख्याच्या राजधानीत पोलीस आयुक्ताचा, परवाना असल्याशिवाय खेळ दाखवता येणार नाही, आणि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची पुरेशी काळजी घेतल्याशिवाय परवाना मिळणार नाही, अशी तरतूद त्यात होती. १९५२ च्या कायद्यातही ती टिकली.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून इथे थोडे थांबा. इंग्लंडमधला १९०९ चा कायदा आगीपासून संरक्षणासाठी होता. पण परवाना द्यायचा अधिकार एकदा हातात आल्यावर स्थानिक संस्थांनी त्याला इतर अटी जोडल्या, रविवारी खेळ नको अशा सुद्धा, आणि १९११ मध्ये न्यायालयाने त्यांना तसे करण्याची मुभा मान्य केली. आगीच्या भीतीने उघडलेल्या दारातून चित्रांवरचे नियंत्रण आत आले. भारतात तर दोन्ही गोष्टी पहिल्यापासून एकाच कायद्यात बांधल्या गेल्या. यावरून सुरक्षिततेचे नियम म्हणजे निव्वळ सरकारी बहाणा, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. आग खरी होती. सत्तेने तिचा उपयोग करून घेतला, हेही खरे आहे. दोन्ही वाक्ये उत्तरपत्रिकेत शेजारी शेजारी लिहिता आली पाहिजेत.

नायट्रेटचे प्रकरण फार जुने आहे असेही समजू नका. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा आगीत सापडला आणि भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातली अमोल रिळे गेली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तोही नायट्रेटच्याच फितीवर. मूकपटांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहेत. त्याला दुर्लक्ष कारण आहे, तसेच हे रसायनही.

तंबूतला ऑपरेटर

शहरातल्या थिएटरला परवाना, वेगळी खोली, बादल्या, वाळू असे सारे होते. पण महाराष्ट्रातल्या खेड्यांनी सिनेमा पाहिला तो जत्रेत, तंबूत. टुरिंग टॉकीजचा ट्रक जत्रेच्या मैदानावर उभा राही. प्रोजेक्टर बहुधा ट्रकमध्येच बसवलेला. समोर तंबू आणि त्याच्या टोकाला पांढरा कापडी पडदा. दिवसा तंबू ठोकायचा, रात्री तीन-चार खेळ, जत्रा उठली की पुढचे गाव.

या प्रोजेक्टरांचा दिवा म्हणजे कार्बनची जळती कमान. दोन कार्बनच्या कांड्या, मध्ये थोडे अंतर, आणि त्या अंतरातून उडणारी वीज. कांडीच्या टोकाचे तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून त्या सतत जवळ आणाव्या लागतात. अंतर वाढले तर प्रकाश थरथरतो आणि तंबूतून शिट्ट्या येतात. कमानीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे नाही, काळ्या काचेतून पाहायचे. धूर बाहेर जायला वर धुराडे लागते. ऑपरेटरच्या एका हाताशी कमान, दुसऱ्या हाताशी फीत, आणि कान जनरेटरकडे. आवाजात जरा फरक पडला की वीज डळमळणार हे त्याला आधी कळे.

तंबूतल्या त्या माणसाला आपण इतिहासात जागा दिलेली नाही. त्याने काही लिहून ठेवले नाही. त्याचे ज्ञान हातात होते आणि ते शागिर्दाकडे जात असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ चा माहितीपट महाराष्ट्रातल्या या शेवटच्या फिरत्या टॉकीजवाल्यांवर आहे. गंजलेली यंत्रे, ती जिवंत ठेवणारा दुरुस्तीवाला आणि दाराशी येऊन ठेपलेला डिजिटल प्रोजेक्टर, हे सगळे त्यात दिसते. मिळाला तर जरूर पाहा.

यंत्र समजून घेतलेला माणूस पुढे काय करू शकतो याचे एक उदाहरण कोल्हापुरात आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे रंगकाम, पडदे, यंत्रे यांत रमलेले कारागीर. आनंदराव १९१६ मध्ये गेले. १९१८ पर्यंत बाबूरावांनी दामले यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा तयार केला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा आतून एकमेकांचे भाऊ आहेत. एक उघडून पाहिला की दुसऱ्याचे गणित सुटायला लागते.

प्रोजेक्टर वर्गात कसा आला

आता एक प्रश्न विचारतो. इतके धोक्याचे यंत्र शाळेच्या वर्गात कसे आले? उत्तर रसायनात आहे. १९२३ मध्ये कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटरची फिल्म आणली आणि ती पहिल्यापासून अ‍ॅसिटेटची ठेवली. अ‍ॅसिटेट नायट्रेटसारखे भडकत नाही, म्हणून त्याला सुरक्षित फिल्म म्हणत. ही फीत घरात, शाळेत, चर्चमध्ये वेगळ्या खोलीशिवाय दाखवता येऊ लागली. ३५ मिलिमीटरच्या सिनेमाने नायट्रेट सोडायला १९५० च्या आसपासचा काळ उजाडला.

स्वतंत्र भारतात १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले. १९५३ मध्ये पंचवार्षिक योजनेच्या प्रचारासाठी क्षेत्रीय प्रचाराची यंत्रणा उभी राहिली. तिच्या गाड्या खेड्यापाड्यांत जात. गाडीत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, पडदा, ध्वनिक्षेपक आणि जनरेटर. अनेक गावांत पडद्यावरचे पहिले हलते चित्र तिकीट काढून पाहिलेले नाही. ते देवीच्या लशीचे, खताचे, धरणाचे होते. हे यंत्र चौकात, मुलांच्या गराड्यात चालवता येत होते, कारण फीत पेटणार नव्हती. विकासाच्या राजकारणाबद्दल आपण पुष्कळ लिहितो. त्याच्या तळाशी असलेल्या या अ‍ॅसिटेटबद्दलही एखादा परिच्छेद लिहायला हरकत नाही.

पुढचा टप्पा तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. स्लाइड प्रोजेक्टर, मग पारदर्शक कागदावर स्केचपेनने लिहून दाखवायचा ओव्हरहेड प्रोजेक्टर. १९८७ हे वर्ष मात्र नोंदवून ठेवा. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची डिजिटल चिप तयार केली. आयबीएमने व्हीजीए ही जोडणी आणली. आणि पॉवरपॉइंट बाजारात आले. एकमेकांशी संबंध नसलेल्या या तीन गोष्टींनी मिळून पुढे तुमचा वर्ग घडवला. १९८९ मध्ये एप्सनचा एलसीडी प्रोजेक्टर आला आणि १९९६ मध्ये आरशांच्या चिपचे पहिले प्रोजेक्टर. भारतात डिसेंबर २००४ च्या ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ योजनेनंतर संगणक आणि त्याच्या मागून प्रोजेक्टर सरकारी शाळांत पोहोचू लागले. ऑपरेटर मात्र बरोबर आला नाही. पूर्वी यंत्रामागे शिकलेला माणूस असे. आता यंत्रामागे त्या दिवशी मोकळा असलेला कोणीही असतो.

फुटलेल्या दिव्याचे उत्तर

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून अशा प्रोजेक्टरांत अति-उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा वापरला जाऊ लागला. क्वार्ट्झची लहानशी कुपी, तिच्यात थोडा पारा. दिवा पेटला की पाऱ्याची वाफ होते आणि आतला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट होतो. सायकलच्या ट्यूबमध्ये वातावरणाच्या तीन-चार पट दाब असतो, यावरून अंदाज करा. एवढा ताव बाहेर काढण्यासाठी पंखा फिरत असतो. रिमोटने किंवा यंत्रावरच्या बटणाने बंद केले की दिवा विझतो, पण पंखा आणखी मिनिटभर किंवा जास्त वेळ चालू राहून कुपीला हळूहळू थंड करतो. भिंतीवरचे बटण बंद केले की पंखाही थांबतो आणि ताव आतच कोंडतो. त्यात गरम दिवा लगेच पेटत नाही, कारण वाफेचा दाब फार असतो. त्याला पुन्हा पुन्हा पेटवायचा प्रयत्न केला की थकलेल्या कुपीवर आणखी घाव बसतात. वीज अचानक गेली तरी हेच होते. वीज परत आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, वर्ग कितीही चुळबुळत असला तरी.

म्हणजे त्या मुलाची चूक काय होती? पंखा आणि दिवे जिथून बंद केले, तिथूनच त्याने प्रोजेक्टर बंद केला. माझ्या चुका दोन होत्या. जाळीवर वही टेकवली आणि गरम दिव्याला थांबू दिले नाही.

दिवा फुटलाच तर खोलीतली मुले बाहेर काढा, खिडक्या उघडा, प्लग काढा आणि यंत्र पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. आत पारा असतो. तुकडे उघड्या हाताने उचलायचे नाहीत, झाडूने पसरवायचे नाहीत, आणि ते नेहमीच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. नवा दिवा बसवताना कुपीला बोट लावू नका. बोटाचे तेल त्या जागी भाजून निघते आणि काच तिथेच कमकुवत होते. जुने कंदीलवाले भिंग जपायचे ते काचेच्या याच स्वभावामुळे.

आता खोलीकडे पाहू. समजा तुमची खोली कुंडमच्या त्या खोलीसारखी आहे: पत्र्याचे छप्पर, एकच पॉइंट, बाहेर रस्त्याची धूळ. आधी प्रोजेक्टर कुठे ठेवायचा ते ठरवा. यंत्राच्या पुस्तिकेत पडद्यापासूनचे अंतर आणि चित्राची रुंदी यांचे गुणोत्तर दिलेले असते. ते दीड असेल आणि चित्र २ मीटर रुंद हवे असेल, तर अंतर ३ मीटर. टेबल सपाट आणि पक्के हवे, विटा नकोत. चारी बाजूंनी निदान वीतभर जागा मोकळी असावी आणि जाळीसमोर काहीही नको, पडद्याचे कापडसुद्धा. चित्र वर अरुंद, खाली रुंद असे वाकडे पडले तर आधी यंत्र सरळ आणि पडद्याच्या समोर करा. बटणाने चौकोन सरळ करता येतो, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो आणि अक्षरे फिसकटतात.

प्लग तीन पिनांचा असतो, तो तसाच वापरा. तिसरी पीन मोडून दोन भोकांत बसवण्याची कला आपल्याकडे घरोघरी आहे. ती इथे दाखवू नका. यंत्राला किंवा केबलच्या धातूच्या टोकाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर अर्थिंग नाही असे समजून काम थांबवा. एक्सटेन्शन बोर्ड एकच घ्या, बोर्डाला बोर्ड जोडत जाऊ नका. वायर मुलांच्या पायांतून न नेता भिंतीकडेने न्या आणि चिकटपट्टीने जमिनीला बसवा. गर्दीच्या खोलीत आगीपेक्षा अडखळून पडणे जास्त घडते, आणि पडणारा मुलगा टेबलावरचे यंत्रही बरोबर ओढतो. दार प्रोजेक्टरच्या टेबलाने अडवायचे नाही. अंधारात सगळ्यांना त्याच दाराने बाहेर पडायचे असते.

जोडण्या झाल्यावर आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप सुरू करा. बहुतेक जोड्या अशाने एकमेकांना चटकन ओळखतात. आवाजासाठी यंत्रातल्या चिमुकल्या स्पीकरवर विसंबू नका. तीस मुलांच्या खोलीत तो पहिल्या बाकापर्यंतच पोहोचतो. भिंग झाकायचे असेल तर वही किंवा झाकण पुढे धरू नका, ते तापते आणि वितळूही शकते. त्यासाठी रिमोटवर पडदा काळा करणारे बटण असते. चालू यंत्राच्या भिंगात कोणीही डोकावायचे नाही. नव्या लेझर प्रोजेक्टरांत पाऱ्याची कुपी नसते आणि दिवा फुटण्याची भीती गेली आहे, पण डोळ्यांचा धोका वाढला आहे. लहान मुले उत्सुकतेने नेमकी तिथेच डोके घालतात, म्हणून टेबलाजवळ एका मोठ्या माणसाने बसावे. धुळीच्या गावात जाळी आणि तिच्या मागची चाळणी महिन्यातून एकदा तरी साफ करा, यंत्र बंद आणि थंड असताना.

बंद करताना रिमोटने बंद करा, पंखा थांबेपर्यंत वाट पाहा, मग भिंतीवरचे बटण. कुंडमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर हे आहे.

करून पाहा

तुमच्या तहसिलीत किंवा तालुक्यात एखादा जुना ऑपरेटर अजून असेल. थिएटरमधला, तंबूतला, किंवा सरकारी प्रचाराच्या गाडीवरचा. त्याला भेटा, त्याच्या परवानगीने तासभर बोलणे नोंदवा आणि दोन पाने लिहा. कोणता सिनेमा सर्वांत जास्त चालला हे त्याला सगळेच विचारतात. तुम्ही हे विचारा: फीत अडकली की तुमचा हात पहिल्यांदा कुठे जायचा? वीज गेली की काय करायचात? आणि हे तुम्हाला कोणी शिकवले?